उजवी टाच

५ जानेवारी

प्रिय खिळ्या,

पत्र फाडायचंच असेल तर आधी वाच आणि मग फाड. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस आणि गप्प बसतोस. म्हणून शेवटी कागद घेतला. कागद फाडायला निदान हातात तरी घ्यावा लागतो.

पत्ता मला आपल्या चुलतभावाने दिला. त्याच्यावर डाफरू नकोस, मी त्याच्या बुटाचा एक पाय अडकवून ठेवला होता. सोल लावून झाला होता, पण पत्ता मिळेपर्यंत दिला नाही. तो म्हणाला, तू एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाकाला आहेस, जागा बरी आहे आणि बारीक झाला आहेस. तू आधी जाड होतास कधी? खिळ्या नाव उगाच नाही पडलं.

इथे सगळं ठीक आहे. अब्बा ठीक आहेत. दुकान चालू आहे, वरच्या खोलीची गळती बंद करून घेतली. अब्बा तुझं नाव काढत नाहीत, पण तुझ्या स्टुलावर कुणाला बसूही देत नाहीत. परवा एक गिऱ्हाईक बसलं, तर म्हणाले, ते मोडकं आहे. धडधाकट आहे ते.

तू खानकाह सोडलीस हे आम्हाला तिऱ्हाइताकडून कळलं. सोडलीस तर सोडलीस, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. वर्षभर सूफींच्या घरात राहून, त्यांची भांडी घासून तुला पुरे झालं असेल, तर तेही चालेल. पण मग घरी का नाही आलास? जाताना अब्बांना काय सुनावलं होतंस ते मला पाठ आहे: ‘आता येईन तर तिथला होऊनच येईन.’ अब्बाही काही कमी बोलले नाहीत. नमाज आहे, रोजे आहेत, हाताला काम आहे, सरळ रस्ता सोडून या गल्लीबोळात कशाला शिरतोस, म्हणाले. मी मेलो तरी त्या दाराच्या आत पाय ठेवणार नाही, असंही म्हणाले. तुम्ही दोघं एकाच चामड्यातून कापलेले. वाकवायला गेलं की हात माझेच सोलतात.

मला एकच विचारायचं आहे. तिथे काय झालं? तू सांगणार नसशील तर मी जाऊन विचारीन. शपथ अब्बांनी घेतली आहे, मी नाही.

तुझी,
आपा


१८ जानेवारी

प्रिय खिळ्या,

उत्तर आलं नाही, म्हणून गेले.

बसमधून उतरल्यावर पत्र्याच्या दुकानांची ती गल्ली, सगळीकडे ठोकाठोक, आणि मधेच ते निळं दार. मला वाटलं होतं, काहीतरी धुपाच्या धुरात बुडालेली जागा असेल. बघते तर दाराशी चपलांची फळी, कोपऱ्यात केरसुणी आणि भिंतीवर पाण्याच्या टाकीची सूचना. एक खाला फळीजवळ बसून शेंगा निवडत होती. मी चपला काढल्या, ठेवल्या आणि आत निघाले, तर ती उठली आणि तिने माझ्या चपला उलट्या, टोकं आत अशा फिरवल्या.

मी विचारलं, का हो? तुला ठाऊकच आहे, आपल्या दुकानात तयार जोड टोकं रस्त्याकडे करूनच ठेवतात. गिऱ्हाईकाने पाय घातला की चालू लागावं. अब्बांनी टपल्या मारून मारून शिकवलंय, त्यामुळे कुणाच्याही दारात माझ्या चपलांची टोकं बाहेरच असतात. खाला म्हणाली, ‘असं नका ठेवू बेटा. आमच्याकडे त्याचा अर्थ होतो.’

मग तिने सांगितलं ते असं. तुला हे माहीत आहे, मी तुला शिकवत नाही, फक्त मला बरोबर कळलं का ते तपास. नवा माणूस शिकायला आला की त्याला आधी कुणी काही शिकवत नाही. त्याला स्वयंपाकघरात घालतात. पाणी भर, भांडी घास, दुसऱ्यांची पानं वाढ, स्वतः शेवटी जेव. तो रागावतो कधी, कौतुकासाठी मान वर करतो कधी, ते मुर्शिद, म्हणजे तिथले गुरू, बघत असतात. कुणी या कामाचा नाही असं ठरलं, तर त्याला तोंडाने ‘जा’ म्हणत नाहीत. त्याचे बूट दाराशी बाहेर टोकं करून ठेवतात. तो ते बघतो, घालतो आणि जातो. तो विचारत नाही, त्यालाही कुणी विचारत नाही. कुणाला चारचौघांत लाजवायचं नाही म्हणून ही रीत. खाला तिथे म्हातारी झाली, पण तिने हे एकदाच झालेलं बघितलं आहे.

मी सरळ विचारलं, माझ्या भावाचे फिरवले होते का?

ती म्हणाली, नाही. तरी माझं समाधान होईना, म्हणून मला मुर्शिदांकडे नेलं. तू कधी सांगितलं नव्हतंस की तुझे मुर्शिद दातांचे डॉक्टर होते! सगळे त्यांना डॉक्टरसाहेबच म्हणतात. दवाखाना बंद करून इतकी वर्षं झाली, तरी अजून ते बोलणाऱ्याच्या तोंडात बघतात. मी म्हटलं, मी त्याची मोठी बहीण. ते म्हणाले, तो तर पुढच्याच जुम्म्याला बैअत करणार होता. माझ्या हातात हात देऊन मुरीद, म्हणजे शिष्य, होणार होता. त्या दिवशी जोहरच्या, दुपारच्या नमाजाला मागच्या रांगेत होता, नंतर दिसला नाही.

मी विचारलं, मग तुम्ही शोध का नाही घेतला? म्हणाले, ‘आमच्याकडे जाणाऱ्याला अडवत नाहीत. त्याने विचार करून पाऊल उचललं असेल असं आम्ही धरून चालतो.’

मी म्हटलं, आणि विचार न करताच उचललं असेल तर?

ते माझ्या तोंडात बघत म्हणाले, तुमची खालची डावी दाढ दाखवून घ्या.

तर, तुझे बूट कुणी फिरवलेले नाहीत. तुझं फडकं अजून स्वयंपाकघरात खुंटीवर आहे, स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या उस्तादांनी हलवलेलं नाही. मग तू का गेलास? लिही.

आपा


२ फेब्रुवारी

प्रिय खिळ्या,

दाढ भरून घेतली. खरंच किडलेली होती.

गुरुवारी पुन्हा गेले. आता म्हणशील, आपा, तू कशाला? चौकशी अर्धवट राहिली होती म्हणून. गुरुवारी संध्याकाळी तिथे बाहेरच्यांसाठी बैठक असते, बायकांसाठी बाजूची खोली. डॉक्टरसाहेब प्रश्नांना उत्तरं देतात. एका बाईने विचारलं की सूफी म्हणजे मुसलमानांतला वेगळा पंथ का. ते म्हणाले, वेगळा काही नाही. धर्म तोच, नमाज तीच, रसूल म्हणजे पैगंबरही तेच. फक्त एकच गोष्ट लावून धरायची, की हे सगळं करताना मन हजर आहे का. अल्लाहसमोर असं उभं राहायचं की जणू तो दिसतोय, आणि तेवढं जमत नसेल तर तो आपल्याला बघतोय एवढं तरी विसरायचं नाही. ही हजेरी लावायला माणूस शिकतो कसा, त्या शिकण्याचा रस्ता म्हणजे तरीकत. म्हणून मुर्शिद लागतो. ज्याने वाट चाललेली आहे त्याचा हात धरायचा, त्याने त्याच्या मुर्शिदाचा धरलेला, त्याने त्याच्या, अशी साखळी मागे मागे थेट रसूलांपर्यंत. तिला सिलसिला म्हणतात. हे मला पटलं. अब्बा आरी धरायला त्यांच्या उस्तादाकडून शिकले, मी अब्बांकडून. पुस्तकात वाचून कुणी बूट शिवला नाही.

मग ते नफ्सबद्दल बोलले. नफ्स म्हणजे आपल्या आतला तो ‘मी, मी’ करणारा. आधी तो हुकूम सोडतो आणि आपण धावतो. पुढे तोच आपल्याला टोचायला लागतो, की हे काय केलंस. आणि फार पुढे गेलं तर तो शांत होतो. मी म्हटलं, आमच्या घरात दोन नफ्स आहेत आणि दोन्ही पहिल्याच इयत्तेत बसलेत. बाजूच्या बायका हसल्या.

आणि चार पायऱ्या: शरीअत, तरीकत, हकीकत, मारिफत. शरीअत म्हणजे नेमधर्म, तरीकत म्हणजे वाट, हकीकत म्हणजे खरं काय ते दिसणं, मारिफत म्हणजे त्याची ओळख पटणं. मला असं कळलं की एकेक पायरी चढली की खालची सोडून द्यायची. म्हणजे शेवटी पोचलेल्या माणसाला नमाज-रोजा काही लागत नाही, सगळं मनातल्या मनात. सोपं आहे की! बरोबर ना?

अब्बा ठीक आहेत.

आपा


२३ फेब्रुवारी

खिळ्या,

मागच्या पत्रात दोन खोट्या गोष्टी होत्या.

पहिली, पायऱ्यांची. ती मी मुद्दाम चुकीची लिहिली. लहानपणापासून तू कुणाचं चुकलेलं सहन करत नाहीस. शेजारच्या पोराचा पाढा चुकला तर भिंतीपलीकडून ओरडून दुरुस्त करायचास. म्हटलं, ‘नमाज लागत नाही’ हे वाचून तरी तू उसळशील आणि आपाला चार शब्द खरमरीत लिहिशील. तुझ्या उस्तादांनी स्वयंपाकघरात राग गिळायला चांगलंच शिकवलेलं दिसतं. किंवा तू माझी पत्रं वाचतच नाहीस. कुठलं खरं मानू?

दुसरी, अब्बांची. ते ठीक नाहीत. काळजी करण्यासारखं मोठं काही नाही, पण उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणतात, वयाचा आहे, थोडा वाढेल, जीवाला धोका नाही. पण चपलेचा टाका थरथरत्या हाताने घालता येत नाही. तळव्याची शिलाई आता मी करते. ते चामडं कापतात, ठोकतात, आणि माझं शिवलेलं तिरक्या नजरेने बघतात. काल एक टाका उसवून पुन्हा घालायला लावला. मी घातला. टाका खरंच वाकडा होता.

मी तुला हे लिहू नये असं मला वाटत होतं, कारण मग तू दयेपोटी येशील आणि अब्बांना ते लगेच कळेल. तरी लिहिलं.

गुरुवारी मी जाते. आता चौकशीसाठी जाते असं म्हणवत नाही. जिक्रला बसते. अल्लाहचं नाव घेत बसायचं, आधी मोठ्याने सगळ्यांबरोबर, मग हळू, मग ओठ बंद, श्वासाबरोबर. मला वाटलं होतं झोप लागेल. पहिल्यांदा लागलीच. दुसऱ्यांदा मात्र आतमध्ये कितीतरी वर्षं चालू असलेलं माझं दुकान थोडा वेळ बंद झालं. सोल, गिऱ्हाईक, तू, अब्बा, सगळ्यांचा हिशेब थांबला. बाहेर आल्यावर तो परत सुरू झाला, पण मधला वेळ मला आवडला. तुला हसू आलं असेल तर हस. निदान काहीतरी कर.

अब्बांना सांगितलंय की एका खालाकडे शिवणाला जाते.

आपा


९ मार्च

खिळ्या,

हे पत्र नीट वाच. खुर्चीवर बसून वाच.

काल दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. अब्बा कलबुतावर, पायाच्या लाकडी साच्यावर बूट चढवत होते, मी शिवत होते. बोलता बोलता मी म्हटलं, तुम्ही दोघांनी एकदा तरी एकमेकांना विचारलं असतं, तर इतकं झालंच नसतं. ते म्हणाले, ‘मी गेलो होतो.’

‘कुठे?’

‘तिथे. त्या दाराशी.’

मला आधी कळेचना. म्हटलं, आत गेला होतात? त्यावर म्हणाले, आत कशाला जाईन, बोललो होतो ना. बाहेरच्या पायरीवर बसलो होतो.

मग त्यांनी सगळं सांगितलं, हातातलं काम न थांबवता. तुला जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांना इथे बसल्या बसल्या माहीत होतं की तुझ्या उजव्या बुटाची टाच बाहेरच्या कडेने झिजली असणार. तू लहानपणापासून तशीच झिजवतोस, आणि नव्या टाचेला तुझ्याकडे पैसे नसणार. त्यांनी इथूनच टाच कापून नेली. माप घ्यावं लागलं नाही. जोहरची वेळ साधून गेले, म्हणजे सगळे नमाजात असतील आणि कुणाशी बोलावं लागणार नाही. खाला तेव्हा तिच्या मुलीकडे गेलेली होती. फळीवर तुझे बूट होतेच, स्वतःच शिवलेले, ते अंधारातही ओळखतील. पायरीवर बसून त्यांनी जुनी टाच काढली, नवी ठोकली. गल्लीत सगळीकडे पत्रा ठोकतात, त्यांच्या हातोडीचा आवाज कुणाला वेगळा कळणार? मग पॉलिश केलं.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? म्हणाले, ‘काय सांगू? मला वाटलं, पाय घातला की त्याला कळेल. म्हातारा दाराशी येऊन गेला, राग सोडला म्हाताऱ्याने, हे त्याला टाचेतूनच कळेल. आणि नंतर कळलं, त्याच दिवशी तो निघून गेला. माझा हात ओळखला त्याने. मी हात लावलेला जोड घातला खरा, पण जिथे मी येऊ शकतो तिथे त्याला राहायचं नव्हतं.’

इतके दिवस अब्बा हे मनात घेऊन बसलेत. मी इतक्या दिवसांत त्यांना एकदाही विचारलं नाही, कारण मला वाटत होतं ते रागात आहेत.

मी विचारलं, ‘अब्बा, जोड कसा ठेवलात?’

त्यांनी माझ्याकडे बघितलं, वेड्याकडे बघतात तसं.

‘कसा म्हणजे? ठेवतात तसा.’

खिळ्या, मी सुई खाली ठेवली आणि वर गेले. पाणी प्यायले. थोडा वेळ खिडकीशी उभी राहिले.

आता तू सांग. तू नमाज संपवून बाहेर आलास. फळीवर तुझे बूट चकचकीत, टोकं रस्त्याकडे. तू रीत पाळलीस. विचारायचं नसतं म्हणून विचारलं नाहीस. नवी टाच पायाला कळली असेल तर तुला वाटलं असेल, जाणाऱ्याला वाटेसाठी बूट नीट करून देतात. तो अब्बांचा हात असेल हे तुझ्या मनातही आलं नसेल, कारण अब्बांनी शपथ घेतली होती, आणि अब्बा शपथ मोडत नाहीत हे तुला माहीत. ती त्यांनी मोडली नव्हतीच. पायरी दाराबाहेर आहे.

आणि घरी तू आला नाहीस, कारण तिथला होऊन येईन म्हणाला होतास, आणि तुला वाटलं, तिथून काढलं.

तुला कुणी काढलं नाही. डॉक्टरसाहेबांनी नाही, खालाने नाही. एका चांभारकाम करणाऱ्या बापाने तुझे बूट दुरुस्त करून ठेवले, एवढंच झालं.

अब्बांना मी सांगितलेलं नाही. सांगायला जीभ उचलत नाही. ते समेटाला म्हणून गेले आणि त्यांच्याच हाताने तू बाहेर पडलास, हे त्यांनी आता, या वयात ऐकायचं का? तू आलास की आपोआप मिटेल. म्हणून तूच ये. ते नाही जमलं तर फोन कर. तेही नाही जमलं तर डॉक्टरसाहेबांना लिही. पण आता गप्प बसू नकोस. ते गप्प बसणं कुठून आलं ते मला कळलंय, आणि त्याचा मला भारी राग आलाय.

आपा


३० मार्च

खिळ्या,

अब्बांना कळलं. मी सांगितलं नाही, तरी कळलं.

गेल्या गुरुवारी मी निघाले, तर अब्बा टोपी घालून जिन्याशी उभे. म्हणाले, तू शिवणाला जातेस तिथे मलाही यायचंय. शिवणाच्या बारीक सुईची एक खूण तुझ्या बोटांवर दिसत नाही. म्हणजे त्यांना कधीपासून माहीत होतं देव जाणे. मी पुष्कळ नाही म्हटलं: बस गर्दीची असते, तिची पायरी उंच आहे, हाताला त्रास होईल. ते म्हणाले, पायरीपर्यंतच येतो. तुझ्या डॉक्टरला बाहेर बोलाव. मला एवढंच विचारायचंय, की पोरगा टाचेबद्दल काही बोलला होता का.

बसमध्ये मी जिक्र करत होते म्हटलंस तरी चालेल. जीव मुठीत होता.

पायरीशी पोचलो. पायरीवरही बूट घालून बसायचं नाही म्हणून अब्बांनी वाकून बूट काढले. मी म्हटलं, द्या मी ठेवते. म्हणाले, माझे बूट मी ठेवतो. आणि ठेवले, टोकं रस्त्याकडे, दोन्ही टाचा एका रेषेत.

खाला उठलीच. मी मधे घुसले, तिच्या मुलीची तब्येत विचारली, शेंगांचा भाव विचारला. खालाला बोलायला आवडतं पण तिचं काम ती विसरत नाही. तिने अब्बांचे बूट फिरवले आणि म्हणाली, ‘असं ठेवायचं नसतं, चाचा.’ आणि मग जे मला सांगितलं होतं ते सगळं अब्बांना सांगितलं. कुणाला लाजवायचं नाही इथपर्यंत सगळं.

अब्बा ऐकत राहिले. मग पायरीवर बसले. तीच पायरी. माझ्याकडे न बघता, गल्लीतल्या पत्रेवाल्याकडे बघत विचारलं, ‘तुला माहीत होतं?’

मी हो म्हटलं.

‘म्हणून विचारलंस, जोड कसा ठेवलात.’

मी पुन्हा हो म्हटलं. मला वाटलं आता रागावतील, आणि ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते भिंतीला धरून उठले आणि आत निघाले. मी म्हटलं, अब्बा, शपथ? ते म्हणाले, मोडलेल्या शपथेसाठी रोजे ठेवतात, मी ठेवीन. आणि उंबरा ओलांडला.

डॉक्टरसाहेब त्यांना बघून उठून उभे राहिले. ते कुणासाठी उठतात हे मी पहिल्यांदाच बघितलं. अब्बा उभ्या उभ्याच बोलले. म्हणाले, ‘माझ्या पोराला तुम्ही काढलंत असं त्याला वाटतंय. तुम्ही नाही काढलंत, मी काढलं. बूट मी ठेवले होते.’

डॉक्टरसाहेबांना उलगडायला थोडा वेळ लागला. मग ते खाली बसले आणि अब्बांनाही हाताला धरून बसवलं. म्हणाले, ‘तुम्ही प्रेमाने चुकलात. आम्ही तर अदब पाळत चुकलो. आमच्यातल्या एकाने तरी जाऊन त्याला विचारायला हवं होतं. तुमच्या मुलीने मला पहिल्याच दिवशी हे विचारलं होतं, आणि मी तिची दाढ बघत बसलो.’

त्यानंतर ते दोघं बोलत बसले. अब्बांनी त्यांचं जुनं भांडण काढलंच. रस्ता सरळ असताना गल्लीबोळ कशाला? डॉक्टरसाहेब म्हणाले, रस्ता तोच आहे, गल्ली वेगळी नाही. तुम्ही दुकानात बूट शिवता तेव्हा टाका नुसता बसतो का बघता, की ज्याचा पाय त्यात जाणार तो डोळ्यासमोर असतो? अब्बा म्हणाले, पाय डोळ्यासमोर नसेल तर टाका वाकडा जातो. डॉक्टरसाहेब म्हणाले, आम्ही नमाजात तेवढंच शिकवतो. पटलं असं अब्बा म्हणाले नाहीत, तू ओळखतोस त्यांना. पण डॉक्टरसाहेबांचे बूट उचलून बघितले आणि म्हणाले, हे कुणी शिवलंय, दुकानात आणून द्या.

निघताना अब्बांनी विचारलं, आता काय करायचं. डॉक्टरसाहेब म्हणाले, ‘आमच्यात ज्याने बूट फिरवले त्यानेच ते सरळ, म्हणजे टोकं आत, करायचे असतात. दुसऱ्याने केलेले चालत नाहीत. आणि मुलगा येईल तेव्हा त्याची जागा स्वयंपाकघरात आहे.’

अब्बा म्हणाले, बूट तर त्याच्या पायात आहेत. कुठे जाऊन सरळ करू?

आम्ही बसने परत आलो. तेव्हापासून अब्बा रोजे ठेवतायत आणि काम कमी करतायत. दारावर कुणी आलं की आधी पायांकडे बघतात. ते आधीही तसंच बघायचे, पण आता वर चेहऱ्याकडे बघायला उशीर लावतात.

मी तुला ये म्हणणार नाही. एकदा म्हणून झालं.

आपा


२१ एप्रिल

खिळ्या,

तुझं पार्सल काल पोचलं.

चिठ्ठी मी आधी वाचली, अब्बांना नंतर दिली. इतक्या महिन्यांनी माणसाने बहिणीला लिहावं तर पहिलं वाक्य काय? ‘आपा, वरची पायरी चढल्यावर खालची सोडायची नसते, खालची काढली तर वरचा माणूसच पडेल, हे तू डॉक्टरसाहेबांना विचारलं नाहीस का.’ मी तुला पुढच्याच पत्रात सांगितलं होतं, ती चूक मुद्दाम होती! तरी तुला राहवलं नाहीच. हसले आणि मग रडले. तुझ्या चिठ्ठीवर दोन डाग आहेत ते माझे.

त्यापुढचं अब्बांनी मोठ्याने वाचून दाखवायला लावलं: ‘टाच नवी आहे हे कळलं होतं. वाटलं, खानकाहने वाटेसाठी दिली. नंतर उलटी करून बघितली, खिळे आपल्याकडचे होते. तरी मन मानेना. अब्बा तिथे येतील असं मला वाटलंच नाही.’ ते त्यांनी दोनदा वाचून घेतलं.

आणि पुढे काहीच नव्हतं. फक्त बूट. उजवी टाच बाहेरच्या कडेने झिजलेली.

अब्बांनी बूट मांडीवर घेतला आणि बोट फिरवलं. म्हणाले, ‘हा कधी सुधारणार नाही.’ मी म्हटलं, द्या, मी टाच ठोकते, तुमचा हात. त्यांनी बूट दिला नाही. मी बूट कलबुतावर घट्ट धरून बसले आणि त्यांनी ठोकलं. दोन खिळे वाकले, ते काढून परत ठोकले. दुपार त्यातच गेली. पॉलिशही त्यांनीच केलं.

मी म्हटलं, खोकं ठेवलंय, उद्या पोस्टात टाकते.

ते म्हणाले, ‘पोस्टात कशाला? तयार जोड गिऱ्हाईक येऊन नेतं.’

मग ते उठले आणि दुकानाच्या दाराशी गेले. फळीवर बाकीचे सगळे जोड आहेत, टोकं रस्त्याकडे, नेहमीसारखे. तुझा त्यांनी फळीवर ठेवला नाही. खाली वाकले, एका हाताने दार धरलं आणि तो उंबऱ्याच्या आत ठेवला. त्यांना ते नीट जमेना, सवय नाही. एकदा चुकून बाहेर फिरवला, मग परत फिरवला. टोकं आत, स्टुलाकडे.

सकाळपासून तीन गिऱ्हाइकं त्यावरून अडखळली. अब्बा कुणालाही तो हलवू देत नाहीत.

आपा